व्हिएन्नाला नेलेला नारळ

आईला घेऊन मी परदेशात गेले होते, हे वडवणीत सगळ्यांना माहीत आहे. आईनंच सांगितलंय. फक्त ती सांगते तेव्हा त्यात मी नसते. "लेकाकडं गेलते," एवढंच म्हणते. आता पासपोर्टसाठी तिला मीच नेलं. व्हिसाच्या ऑफिसात तिच्या बोटांचे ठसे उमटेनात, जन्मभर खुरपं धरून रेषाच पुसल्यात, तर तिथल्या पोरीशी भांडले मी. विमानात कमरेचा पट्टा लावला मी, दर वेळी संडासाला घेऊन गेले मी. पण गेली ती लेकाकडं! ऐकणाऱ्या बायापण माना डोलावतात आणि म्हणतात, "नशीब काढलंस माय, असला लेक मिळाला."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आता रिटायर व्हायला आले. गावात माझी ओळख मात्र शाळेमुळे नाही. मी नवऱ्याला सोडून आलेली. केजकडं, युसूफ वडगाव या गावाच्या बाजूला मला दिलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा मात्र हात उगारणारा. एकदा त्यानं पेटता स्टोव्ह माझ्या अंगावर ढकलला. मनगटावरचा तो डाग अजून आहे. फोड ओले होते तेव्हाच एका सकाळी मी गळ्यातलं मंगळसूत्र काढलं, त्याच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि एस.टी.त बसले. घरी आले तेव्हा वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आईनं हाताला रोज खोबरेल लावलं, फुंकर घालून घालून लावलं, आणि लावता लावता म्हणत राहिली, "लोकांला काय सांगू आता? काय सांगू?"

त्यानं लगेच दुसरी केली. आमचा घटस्फोट झाला नाही, त्यानं मागितला नाही आणि मीही त्या वाटेला गेले नाही. कागदोपत्री आजही मी त्याची बायको. तो आहे, चांगला ठणठणीत आहे, कधीमधी केजच्या स्टँडवर दिसतो, मिशा काळ्या करतो. म्हणजे रीतीनं पाहिलं तर मी सवाष्ण की नाही? सांगा. पण संक्रांतीला गल्लीतल्या कुठल्याही घरात हळदीकुंकू असलं की मला कोणी बोलवत नाही. चुलतबहिणींच्या लग्नात मी आपली स्वयंपाकघरात, भाजीत मीठ किती ते बघायला. आई मला तिथं बसवून जायची. त्याचं एक वेळ मला काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटायचं, पण सवय होते.

धाकटा भाऊ शिकला, नोकरीला परदेशात गेला. व्हिएन्ना नावाच्या शहरात राहतो. तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, आणि केल्यावर सांगितलं. आई आठवडाभर जेवली नाही. मग एक दिवस आपणच उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "जाऊ द्या, सून ती सूनच." तेव्हापासून एकच धोशा, सुनंची वटी भरायची राहिली. आमच्याकडे सून पहिल्यांदा घरात आली की तिची ओटी भरतात. पदरात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी घालतात, कूस उजवू दे म्हणतात. ती भरायची सवाष्णीनं. आई स्वतः भरू शकत नाही, वडील गेल्यापासून ती कुणाला कुंकूसुद्धा लावत नाही. आणि भाऊ काही सुनेला घेऊन येत नव्हता. वडिलांच्या वेळीसुद्धा तो फोनवरच होता. चुलतभावानं पाणी पाजलं, त्यानं ते मोबाइलमध्ये पाहिलं.

आता टूरचं म्हणाल तर ती माझी हौस. मी भूगोल शिकवते. आल्प्स पर्वत फळ्यावर काढून काढून खडू झिजवले, एकदा तरी बर्फ डोळ्यांनी बघावा असं वाटायचं. पुण्याच्या एका टूरवाल्यांचं पत्रक हातात आलं. युरोपातली तीन शहरं, थंडीत जायचं, थंडीत स्वस्त पडतं. मी आईला म्हणाले, "चल, दोघी जाऊ. आपण दोघी मिळून कधी कुठं गेलोत का?"

"मला कशाला? मपले गुडघे न्हाईत चालत. तुला जायचं तर खुशाल जा."

मग तिनं ते पत्रक उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "त्यो ऱ्हातो त्ये गाव हाय का ह्यात?"

"हाय."

"मग येते."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी खूश झाले! शाळेत पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

तयारीत माझं लक्ष थर्मल, मोजे, आईचे बूट याकडं, आणि तिचं सगळं लक्ष नारळाकडं. आठवडी बाजारात तिनं सगळ्या दुकानांतले नारळ कानाशी हलवून बघितले. वर, "पाणी कमी हाय ह्यात, फसवतोस का मला?" म्हणून नारळवाल्याला दमात घेतलं. हिरवा खण घेतला. तांदूळ निवडून, धुऊन, सावलीत वाळवून पुरचुंडीत बांधले. हे सगळं तिनं हातातल्या पिशवीत घेतलं, कारण ओटीचं सामान पायाशी ठेवायचं नसतं. विमानतळावर बॅगा द्यायच्या आधीच एक तपासणीवाला म्हणाला, नारळ हातात चालणार नाही, मोठ्या बॅगेत टाका. मोठी बॅग तर कुलूप लावून, प्लॅस्टिक गुंडाळून तयार. मग अख्ख्या जगासमोर मी जमिनीवर बसले, प्लॅस्टिक दातानं फाडलं, दोघींचे आतले कपडे बाहेर काढले आणि मधोमध तो नारळ बसवला. लोक बघत होते. आई वरून सांगत होती, "शेंडी वर ठिव, शेंडी वर!"

माझ्या बॅगेत मी एक रेशमी साडी ठेवली होती. जांभळी. आईला न सांगता. कारण मी धरूनच चालले होते, ओटी मीच भरणार. दुसरं होतं कोण? नणंदेनं भावजयीची ओटी भरावी यात वावगं काय? आणि खरं सांगते, मनात एक गोष्ट होती. वडवणीत नाही तर नाही. पण तिथं, जिथं आम्हाला कुत्रं ओळखत नाही, जिथं खिडकीतून बघून "हिला नवऱ्यानं टाकलीय" म्हणायला कोणी नाही, तिथं तरी आई माझा हात चालवून घेईल. एकदा घेईल. मला बर्फापेक्षा ते जास्त हवं होतं.

पहिलं शहर प्राग. तिथं एक मोठं जुनं घड्याळ आहे, तास वाजला की त्याच्या खिडकीतून बाहुल्या फिरतात. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते, आणि एवढी गर्दी माना वर करून उभी. ठोके पडले, बाहुल्या फिरल्या, खिडकी बंद झाली. आई म्हणाली, "झालं?"

"झालं."

"ह्याच्यापाई उभं केलं व्हय ह्यांनी? आमच्या धारूरच्या जत्रंत असलं लई असायचं." आईचं माहेर धारूरच्या डोंगरात, मेंढरांमागं हिंडलेली बाई ती. तिला दगडी बिल्डिंगांचं कौतुक नव्हतं. पण रस्त्यात घोडागाडीचे घोडे दिसले आणि त्यांच्या पाठीवर जाड घोंगडी टाकलेली, तेव्हा मात्र थांबली. "मालक चांगला हाय," म्हणाली. मला हसू आलं. त्या दिवशी तिचा हात धरून मी बर्फात चालले, ती माझ्यावर रेलून चालत होती, आणि मला वाटलं, आलो ते बरं झालं.

बसमध्ये आमच्या पलीकडे सोलापूरच्या एक बाई बसायच्या. माझ्याहून थोड्या लहान. बहीण आणि मेहुण्यांबरोबर आलेल्या. स्वेटरवरून दिसेल असं ठसठशीत मंगळसूत्र, कपाळावर मोठी टिकली. "आमचे हे दुकानामुळं येऊ शकले नाहीत," असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून झालं होतं त्यांचं. बोलायला गोड. प्रागहून निघालो तेव्हा त्यांचे बूट आतपर्यंत भिजलेले. कानटोपी काढताना टिकली टोपीबरोबर निघून आली, ती त्यांनी छोट्या आरशात बघून परत लावली. आईनं मला आपल्या जागेवरून उठवलं, त्यांना शेजारी बसवून घेतलं, त्यांचे ओले मोजे स्वतःच्या हातानं काढले आणि पाय शालीत घेऊन चोळत बसली. "गारठलीस की गं माय," म्हणत होती. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मागच्या सीटवरून बघत होते. मोजे माझेपण ओलेच होते.

व्हिएन्नात दुपारनंतर मोकळा वेळ होता. भाऊ बायकोला घेऊन नाताळच्या बाजारात येणार होता. सकाळी हॉटेलात मी आतून दोन थर चढवले आणि वरून ती जांभळी साडी नेसले. मग आईला पलंगावर बसवून खाली बसले आणि तिच्या बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. गुडघ्यामुळं तिला वाकता येत नाही.

"ही कावून नेसलीस?" तिनं विचारलं.

"आज ओटी भरायची ना."

तिनं पिशवीतली पुरचुंडी चाचपली. मग म्हणाली, "तू न्हाई. त्या सोलापूरवाल्या बाईला सांगितलंय मी."

मी खाली मान घालून होते ते बरं झालं. "परक्या बाईला?"

"सवासीन हाय ती."

"आन् मी? माझा नवरा जिवंत हाय, आई. तुला ठाव हाय. परवा केजला दिसला म्हणून तूच सांगत होतीस."

"जित्ता हाय, त्येच तर," आई म्हणाली. "हे बघ, त्येंना लेकरू होईना. सुनंची पैलीच येळ हाय. कशाला इस्कोट? तुला काय त्याचं? तू आपली बाजूला उभी ऱ्हा."

बाजूला उभी राहा! सात समुद्र ओलांडून, माझ्या पैशानं, माझ्या रजेवर येऊन मी बाजूलाच उभी राहायची. मला तेव्हा असा संताप आला की ते बूट खिडकीतून भिरकावून द्यावेत आणि म्हणावं, जा आता अनवाणी तुझ्या लेकाकडं. काही केलं नाही. दुसऱ्या पायाची नाडी बांधली. साडी मात्र बदलली नाही. तेवढा हट्ट केला.

सकाळभर आम्हाला एक राजवाडा दाखवला. खोल्यांमागून खोल्या, सोन्याचं नक्षीकाम, आरसेच आरसे. कानाला लावायचं एक यंत्र दिलं होतं, त्यात कोणीतरी इंग्रजीत राणीची कहाणी सांगत होतं. राणी इथं केस विंचरायची, राणी इथं रडायची. मी यंत्र काढून ठेवलं. आई म्हणाली, "एवढालं घर, आन् चूल कुठंच दिसंना." सोलापूरच्या बाई हसल्या. आईनं त्यांच्या दंडाला धरलं होतं, माझ्या नाही. बाहेर आल्यावर टूरवाल्या मॅडमना मी विचारलं, आल्प्स कुठल्या बाजूला? त्या म्हणाल्या, तो आपल्या पॅकेजमध्ये नाही.

जेवायला थांबलो तिथं सोलापूरच्या बाई माझ्यामागं बाथरूमकडे आल्या. दार लावून घेतलं आणि एकदम माझा हात धरला.

"ताई, तुमच्या आईंना तुम्हीच समजवा. मला नाही जमणार."

"का हो? नाही का म्हणाला नाहीत तेव्हाच?"

"तेव्हा माझे पाय त्यांच्या मांडीवर होते. कसं नाही म्हणू?" त्या रडायला लागल्या. मग सांगितलं. नवरा जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. बहीण म्हणाली, टूरमध्ये सगळे जोडीनं असतात, लोक विचारतात, कीव करतात, तू मंगळसूत्र घाल आणि टिकली लाव, कोण बघायला येतंय. म्हणून घातलं. "घातलं तर बरंच वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण ओटी कशी भरू? पाप लागेल मला. त्या पोरीचं काही वाईट झालं तर?"

बिचारी खरंच घाबरली होती. मी बाहेर जाऊन आईला एक वाक्य सांगितलं असतं की मिटलं असतं. मग कदाचित, नाइलाजानं का होईना, तिनं मला पुढं केलं असतं. पण नाइलाजानं नको होतं मला. आणि दुसरंही होतं, ते सांगायला मी लाजत नाही. आईला माझा हात चालत नाही ना? मग भरून घे म्हणावं आता विधवेच्या हातानं! तुझी रीत तुझ्याच पदरात घे.

"काही पाप लागत नाही," मी म्हणाले. "तोंड धुवा. खुशाल भरा."

बाजार सुंदर होता, खोटं कशाला बोलू. सगळीकडे दिवे, भाजलेल्या बदामाचा वास, बर्फ भुरभुर पडत होता. भाऊ दिसला तशी आई माझा हात सोडून, गुडघे विसरून, चक्क पळाली. घसरली असती तर हाडं गोळा करावी लागली असती. त्याच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. तो आता अंगानं सुटलाय, केस विरळ झालेत. मला "कशी आहेस अक्का?" म्हणाला आणि उत्तर यायच्या आत घड्याळ बघितलं. त्याची बायको उंच, निळ्या डोळ्यांची, हसरी. तिनं वाकून आईला नमस्कार केला, शिकून आली होती. मला तिचा राग येईना. यायला हवा होता.

आईनं पिशवीतून पुरचुंडी काढली तसा भाऊ कसनुसा झाला. "आई, हे इथं कशाला? लोक बघतात. हे काय घर आहे का?"

आईचा चेहरा उजळला. "मंग घरी न्हेतोस? चल की!"

"घर लांब आहे गं. आणि तुमची बस निघेल. उगाच धावपळ होईल तुझी." बसला भरपूर वेळ होता. त्यालाही माहीत होतं, मलाही. आईसुद्धा काही दुधखुळी नाही. पण ती लगेच म्हणाली, "व्हय व्हय, बस जाईल. हितंच उरकू." लेकाची अडचण तिला अर्ध्या शब्दात कळते.

मग तिथंच, बर्फात, एका गरम वाईनच्या दुकानाशेजारी ओटी भरली. सुनेला पदर नव्हता, तिनं गळ्यातला लोकरी स्कार्फ ओंजळीसारखा धरला. सोलापूरच्या बाईंनी कुंकू लावलं. बोट जरा बाजूला घसरलं, सगळ्यांना वाटलं थंडीनं. तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. थोडे तांदूळ खाली सांडले, ते बर्फावर दिसेनात. आई एक पाऊल मागं, हात जोडून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. आपली सावली पडू नये म्हणून तीसुद्धा मागंच उभी होती, हे मला दिसत होतं. पण तेव्हा मला तिची कणव आली नाही. मी फोटो काढत होते. भावानं फोन माझ्या हातात दिला होता, "अक्का, तू काढ." म्हणून मी कुठल्याच फोटोत नाही. सुनेनं मला हातानं बोलावलं, या म्हणाली, तर भाऊ तिच्या भाषेत काहीतरी बोलला आणि तिनं हात खाली घेतला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

तासाभरानं ते दोघं ट्रामनं गेले. आई ट्राम वळेपर्यंत हात हलवत राहिली. नंतर म्हणाली, "वाळला न्हाई का गं पोरगा?" मी म्हणाले, "सुटलाय चांगला." त्यावर ती माझा हात सोडून पुढं चालायला लागली.

पुढचं शहर मी बघितलं असं मला म्हणवत नाही. नदी होती, पूल होते. सोलापूरच्या बाई उतरताना माझ्याकडे बघायच्या आणि मी नजर चुकवायची.

घरी परत आलो. तो फोटो आईनं मोठा करून घेतला, चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावला. मुलगा, सून, आई, सोलापूरच्या बाई आणि नारळ. येईल त्याला दाखवायची. मी आत चहा करायची. पण या खेपेला मला आतून गंमत वाटायची. माझ्याजवळ एक गोष्ट होती. संक्रांतीला शेजारणीकडच्या हळदीकुंकवाला बाया नटून निघाल्या आणि आई मला म्हणाली, "तू मागल्या दारानं जा शाळंत, समोर येऊ नको," तेव्हा मी हसतच गेले. जा म्हटलं. तुझ्या लाडक्या सुनेची ओटी विधवेनं भरलीय, आणि तुला त्याचा पत्ता नाही. गुळाचा खडा दाढेत धरावा तशी ती गोष्ट मी धरून बसले होते. कधी सांगायची ते ठरवलं नव्हतं. पण ती माझी होती. त्या सगळ्या प्रवासातून मला मिळालेली तेवढीच एक वस्तू.

मग दिवाळीच्या तोंडावर भावाचा फोन आला. मुलगी झाली. आईनं पेढे मागवले, गल्ली गोळा केली. म्हातारीच्या अंगात वारं शिरलं होतं. फोटोपुढं उभी राहून बोट लावून सांगत होती, "ही बघा, हिनं भरली वटी. हिच्या हाताला लई गुण! तेवढ्या थंडीत भरली आन् कूस उजवली पोरीची." एक शेजारीण मोठ्यानं म्हणाली, "हात लागतो बाई सवाष्णीचा." आणि तिनं माझ्याकडं बघून नजर फिरवली. मी पेढ्याचं ताट घेऊन उभी होते. वाटायला मात्र माझा हात चालत होता.

बाया गेल्या. दुपार होती. आई ओसरीवर पाय पसरून बसली, मी नेहमीसारखी तिची नखं काढायला बसले. तिची नखं जाड झालीत, आधी गरम पाण्यात पाय भिजवावे लागतात, मग कापावी लागतात. ती अजून तेच घोळवत होती, "काय गं हात त्या बाईचा! गुणाची बाई." आणि मला राहवलं नाही.

"ती बाई विधवा होती," मी म्हणाले. "तिचा नवरा केव्हाच गेलाय. मंगळसूत्र खोटं होतं. मला तिनं ओटीच्या आधीच सांगितलं होतं. ऐकलंस का? विधवेनं भरलीय तुझ्या सुनेची ओटी, आन् तरी झाली की पोरगी! मग मी भरली असती तर काय झालं असतं?"

बोलून मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती दचकेल, छाती बडवेल, मला शिव्या देईल, काहीतरी होईल असं वाटलं होतं.

"ठावं हाय मला," आई म्हणाली.

मी हातातलं नेलकटर थांबवलं.

"बसमंदी तिचं मोजं काढलं तव्हाच कळलं. पायात जोडवी न्हवती. आन् टिकली पडली व्हती तिची, ती परत लावताना आरशात बघून थबकली. मीबी थबकायची, तुजे वडील गेले त्या साली. हात जायचा कुंकवाकडं."

"मग? मग तिला का सांगितलंस? रांडाव चालली तुला?"

आई पायाकडं बघत होती. रागानं नाही बोलली. शाळेत मी पोरांना साधा नकाशा समजावते तशी बोलली. "तिच्या नवऱ्याचा जीव गेला, तरी बिचारीनं त्येच्या नावाचे मणी गळ्यात घातले. लोकांसाठी का व्हईना, घातले. तू जित्या नवऱ्याचे उंबऱ्यावर ठिवून आलीस."

माझ्या मनगटावरचा डाग तिच्या पायापासून वीतभर अंतरावर होता. तिनंच फुंकर घालून बरा केलेला. तो तिला दिसत होता, रोज दिसतो. मला पुष्कळ बोलायचं होतं. इतकी वर्षं ते तोंडाशी तयार होतं, पण ते सगळं रीतीच्या विरुद्ध बोलायचं होतं. कारण मला वाटत होतं, तिला रीत आडवी येते. रीत कुठं आडवी आली तिला? तिनं ती आपल्या हातानं मोडली. परक्या बाईसाठी मोडली.

"दुसरा पाय दे," मी म्हणाले.

तिनं दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला. "हळू काप," म्हणाली. "मागल्या बारीला लागलं व्हतं."